डावीकडून तिसरा

तलासरीला माझ्या आतेभावाचा फ्लेक्सचा धंदा आहे. गाळा लहान. त्यात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने आणि दारात एक बाकडं. इथे फक्त डिझाइन होतं, छपाई वापीला. अच्छाड ओलांडलं की गुजरात लागतो, त्यामुळे एकाच माणसाला एकाच दिवशी दोन भाषांतून शुभेच्छा द्यायची वेळ इथे नेहमीच येते. मी राहतो डहाणूला आणि घरूनच काम करतो. त्या कामाचं स्वरूप नातेवाइकांना मला आजवर नीट सांगता आलेलं नाही, म्हणून सगळ्यांच्या लेखी मी 'कॉम्प्युटरवाला'. आणि कॉम्प्युटरवाल्याने भाऊबंदांचे प्रिंटर दुरुस्त करायचेच असतात. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

वाढदिवसाच्या बॅनरचं शास्त्र दादाने मला समजावलं होतं. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, हात जोडून. वरच्या पट्टीत वडीलधारे, गोल चौकटींत. आणि खाली शुभेच्छुकांची रांग. "हा खरा माल," दादा म्हणायचा, "पैसे खालची रांग देते." या रांगेचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात. कुणी गॉगल लावून, कुणी दुसऱ्याच्या गाडीला टेकून, कुणी लग्नाच्या पंगतीत पापड मोडताना. त्यातला चेहरा तेवढा कापून पासपोर्ट साइजचा करायचा आणि रांगेत बसवायचा. दादाचा ऑपरेटर म्हणजे उधव्याकडचा विशीतला वारली पोरगा. निवडणुकीच्या दिवसांत तो रोज शंभरेक चेहरे हाताने कापायचा. मला त्याची दया आली. दोन रविवार बसून मी एक छोटासा प्रोग्राम लिहिला: फोटो टाकला की चेहरा शोधतो, कापतो, पेटीत ठेवतो, पेटीतल्या चेहऱ्यावर टिचकी मारली की तो बॅनरवर. दादाने खूश होऊन मला चिकूची पेटी दिली. डहाणूच्या माणसाला चिकू! घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून त्याचं कौतुक वाढलंय हे खरं, पण आमच्याकडे तो अजूनही शेजारी न विचारता पायरीवर ठेवून जातात.

आठ दिवसांनी दादाचा फोन. "तुझं ते चार वाजले की झोपतं."

"स्क्रीनवर काय दिसतं?"

"भोवरा."

रोज चार वाजता भोवरा फिरायला लागायचा. मग ऑपरेटर कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, आणि तो उठेपर्यंत शेजारच्या टपरीवरून चहा यायचा. दुकानाचा हा दिनक्रमच होऊन बसला होता, पण गिऱ्हाइकं खोळंबत होती. शेवटी मी एसटी पकडून तलासरीला गेलो आणि सकाळपासून बाकड्यावर ठाण मांडलं. प्रत्येक फोटोगणिक प्रोग्रामची मेमरी वाढत होती आणि वाढलेली एकदाही कमी होत नव्हती. अकरा वाजता मी निदान जाहीर केलं. "दादा, कॅश फुल होतेय."

दादाचा हात गल्ल्यावर गेला. "कुणी सांगितलं?"

ही कॅश वेगळी. मूळ फ्रेंच शब्दात लपवण्याचा अर्थ आहे. आपल्या घरात तिचं रूप म्हणजे उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या. रात्री तहान लागली तर अंधारात माजघरापर्यंत ठेचकाळत जायला नको, म्हणून हाताशी थोडं पाणी. चित्रांच्या प्रोग्रामना हा तांब्या लागतोच. प्रत्येक फोटो दर वेळी डिस्कवरून उचलून, उलगडून, पुन्हा लहान करत बसलं तर माउस हलवणंसुद्धा जड होईल. माझं चुकलं ते असं, की मी रोज रात्री नवा तांब्या आणून ठेवत होतो आणि सकाळी आदल्या रात्रीचा उचलत नव्हतो. चार वाजेपर्यंत झोपायला जागा उरत नव्हती.

याला आमच्या धंद्यात 'मेमरी लीक' म्हणतात, आणि हे नाव मला कधीच पटलेलं नाही. लीक म्हणजे गळती. इथे गळत काहीच नाही, उलट जे वाहून जायला हवं ते अडून बसतं. पावसाळ्यात घराबाहेरचं गटार करतं ते. आपण त्याला सरळ तुंबणं म्हणतो.

तुंबतं का, हे सांगायला मात्र आपल्याकडे फार नेमका शब्द आहे. प्रोग्राममध्ये एखादी वस्तू मेमरीत केव्हापर्यंत राहते? तिचा 'रेफरन्स' कुणाजवळ तरी आहे तोपर्यंत. आता मराठी माणसाला रेफरन्स म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. "कुणाच्या रेफरन्सने आलात?" हा प्रश्न आपण दवाखान्यापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत ऐकत आलोय. रेफरन्स म्हणजे वशिला. पायथॉन भाषा प्रत्येक वस्तूमागे एक आकडा बाळगते: हिच्यामागे किती जणांचा वशिला आहे? आकडा शून्यावर आला की वस्तू बाहेर, जागा मोकळी. मोजणीची ही युक्ती जॉर्ज कॉलिन्स याने १९६० साली एका लेखात मांडली. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात काही महिने आधी जॉन मॅकार्थीने दुसरा मार्ग सांगितला होता: मोजत बसू नका, जागा संपत आली की एकदाच फेरी मारा, ज्याच्यापर्यंत कुठूनच वाट पोचत नाही तो केर समजा. साठ वर्षं उलटून गेली, तरी आम्ही या दोघांच्याच केरसुण्या वापरतोय.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही माझ्या प्रोग्राममध्ये वशिला नेमका कुणाचा, ते दिसत नव्हतं. ते दाखवलं डावीकडून तिसऱ्याने.

हा गृहस्थ खालच्या रांगेत कायम डावीकडून तिसरा असायचा. त्या बुधवारी दुपारी त्याने पक्ष बदलला. अर्ध्या तासात दादाला फोन आला आणि सगळ्या बॅनरांवरून त्याला काढायचं फर्मान निघालं. ऑपरेटरने त्याला बॅनरवरून काढलं, पेटीतून काढलं, डिस्कवरची फाइलसुद्धा कायमची पुसली. मी त्या वेळी मेमरीत कोण कोण बसलंय त्याची यादी काढत होतो. पाहतो तर हा आहेच! आणि नुसता पासपोर्ट साइजचा चेहरा नव्हे, अख्खा: गॉगल, मागे पांढरी गाडी, तिच्यामागे माड, आणि कडेला कुणाचं तरी कोपर. पक्षातून गेला, बॅनरवरून गेला, डिस्कवरून गेला, पण आमच्या मेमरीत गाडीला टेकून आरामात उभा.

एखाद्या वस्तूमागे कोण कोण उभं आहे हे पायथॉनला विचारता येतं. वशिले किती आहेत हेही विचारता येतं, पण उत्तर सहसा एकाने जास्त येतं, कारण विचारणाराही त्या क्षणी वस्तू हातात धरूनच विचारत असतो. नदी ओलांडून आलेल्या दहा जणांची गोष्ट आठवते ना? प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि मग दहाव्यासाठी सगळे रडत बसतात. इथे उलटं, मोजणारा स्वतःला धरून मोजतो. पहिल्यांदा मी त्या जास्तीच्या एकाचा माग काढण्यात पाऊण तास घालवला. तो मीच निघालो.

मग खरा माणूस सापडला. पेटीच्या खाली मी 'अलीकडचे' अशी एक पट्टी केली होती, नुकते वापरलेले चेहरे पटकन मिळावेत म्हणून. पेटीतून काढलेला चेहरा तिथून काढायचं मी विसरलो होतो. पण पट्टीत होता तो छोटा चेहरा. अख्खा फोटो कुठून आला?

तर मी फोटो कापलाच नव्हता. चित्रांचे आकडे सांभाळणारं नम्पाय नावाचं जे साधन मी वापरलं, ते 'एवढा तुकडा दे' म्हटल्यावर तुकडा वेगळा काढत नाही. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी पाडावी, पुठ्ठा मोठ्या फोटोवर ठेवावा आणि खिडकीतून दिसतो तेवढा चेहरा आपल्याला दाखवावा, असा त्याचा व्यवहार. यात चूक काही नाही, कागद वाचतो, वेळ वाचतो. फक्त खिडकी टिकवायची तर मागचा फोटो टिकवावा लागतो. मोबाइलचा फोटो चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट. झाले ३६ एमबी. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो बारीक होऊन येतो, पण दादाची सक्त ताकीद असते की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फ्लेक्सवर चेहरा फुटतो. कापलेला चेहरा तीनशे बाय चारशेचा, ३६० केबी. बरोब्बर शंभरावा हिस्सा. पाहुणा आला तो एकटा, पण खोली द्यावी लागली अख्ख्या वऱ्हाडाला. असे शंभर पाहुणे झाले की साडेतीन जीबीच्या वर. दादाच्या आठ जीबीच्या कॉम्प्युटरात निम्मी जागा आधीच इतरांनी अडवलेली. चार वाजणारच.

दुरुस्ती एका शब्दाची होती. खिडकीतून पाहू नकोस, चेहऱ्याची नक्कल काढून घे आणि मोठा फोटो सोडून दे. तो शब्द लिहिला आणि तुंबलेलं पाणी डोळ्यांदेखत उतरलं. एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो.

पण 'अलीकडचे' ही पट्टी मला सलत होती. तिला अंत नव्हता. म्हटलं, हिच्या हातून वशिलाच काढून घेऊ. पायथॉनमध्ये २००१ सालापासून 'वीक रेफरन्स' मिळतो, जावात त्याही आधीपासून. म्हणजे ओळख आहे, पण शब्द टाकण्याइतकी नाही. आपण त्या माणसाला ओळखतो. पण तो राहिला काय, गेला काय, आपल्या म्हणण्याला वजन नाही. मला ही कल्पना फार सुंदर वाटली. सगळी पट्टी तशी केली, ऑपरेटरला बसवलं आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत तो म्हणाला, "काका, फोटो टिकत नाय."

बॅनरवरून चेहरा उचलला की थोड्याच वेळात पट्टीतूनही तो नाहीसा होत होता. साहजिक आहे. त्याला धरून ठेवणारं बाहेरचं कुणी नव्हतं, आणि पट्टीच्या ओळखीला वजन नव्हतं. उशाशी तांब्या आहे, पण तहान लागून हात लावावा तर रिकामा. शेवटी मधला मार्ग धरला: पट्टीत वशिला राहील, पण फक्त चाळीस जणांना. एकेचाळिसावा आला की सगळ्यांत जास्त वेळ ज्याला कुणी विचारलं नाही, तो बाहेर. चाळीसच का? तर दादाच्या मते एका बॅनरवर चाळिसाच्या वर चेहरे घेतले तर मधला माणूस दिसत नाही. संगणकशास्त्रातले बरेच आकडे असेच ठरत असावेत असा मला दाट संशय आहे.

एक गाठ अजून होती. चौकट आपल्या चेहऱ्याला धरून होती आणि चेहरा आपल्या चौकटीला. दोघांना दुसरं कुणी विचारत नसलं तरी प्रत्येकामागे एकाचा वशिला कायम, त्यामुळे कॉलिन्सचा आकडा कधी शून्यावर येत नाही. यासाठी पायथॉनमध्ये निराळा झाडूवाला असतो, पण तो त्याच्या वेळेने येतो. या वेळी भिंतीवरच्या लग्नपत्रिकेच्या नमुन्याकडे माझं लक्ष गेलं. त्यावर तारप्याचा नाच होता, इंटरनेटवरून उतरवलेला. वारल्यांच्या तालुक्यात वारली चित्र इंटरनेटवरून! त्यातल्या शेवटच्या नाचणाऱ्याने पहिल्याचा हात धरून फेर बंद केला होता. मी ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, "आमचा असा नसते. टोक सुटा असते." मूळ चित्रांत फेर पुष्कळदा गोगलगाईच्या शंखासारखा आत वळत जातो आणि त्याचं एक टोक मोकळं असतं. मी चेहऱ्याच्या हातून चौकट सोडवली. फेर सुटला.

त्याच हिवाळ्यात ऑपरेटरच्या बहिणीचं लग्न झालं आणि आम्ही पाड्यावर गेलो. आतल्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहिला होता. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, सवाशिणींचे हात आणि मधोमध पालघाट देवी. लग्न लावणारी धवलेरी गात होती. गेरूच्या लाल भिंतीवर वाकून पाहिलं तर एका कोपऱ्यात जुन्या चौकाची पुसट रेघ दिसत होती. मोठ्या भावाच्या लग्नाची. त्यावरच शेण-माती सारवून, गेरू देऊन नवं काढलेलं. जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न तिथे कुणाला पडलेला दिसला नाही. लग्न लागलं, चौकाचं काम झालं. भिंत एकच.

हे पुसलं जाणारं चित्र टिकाऊ झालं ते याच दोन तालुक्यांत. जिव्या सोमा मशे १९३४ साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मले आणि लहानपणीच डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्याला आले. पोरवयात ते बोलेनासे झाले होते आणि धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगत, असं सांगतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन इथे आले. लग्नाची वाट न पाहता मशे रोज चित्रं काढू लागले. १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ला पद्मश्री. २००३ला जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर प्रदर्शनही झालं. त्यांची चित्रं टिकली याचा मला आनंदच आहे. पण धुळीत बोट फिरवणाऱ्या त्या मुलाला जागा कधी कमी पडली नसणार, हेही मनात येतं.

आणि न पुसण्याची एक रीत या मातीत अशीही होऊन गेली, जिच्यावर विनोद करता येत नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला वारली जन्मभर त्याच्या घरी राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. घेतलेले पैसे राबून कितीदा फिटले असतील, पण वहीतलं नाव सुटत नसे, आणि नावाला धरून माणूस, माणसाला धरून त्याची बायको आणि पोरं. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारली हजारोंनी जमले, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या, आणि त्या आंदोलनात लग्नगडी सुटले. वहीतून एक नाव सोडवायला तेव्हा अख्खा डोंगरपट्टा उठावा लागला होता. मला एका शब्दात काम भागवता आलं.

इकडे दुकानात नवीच तक्रार उभी राहिली. चार वाजता भोवरा येईना, म्हणून कॉम्प्युटर बंद होईना, म्हणून चहा येईना. ऑपरेटर तोंडाने काही बोलला नाही, पण मी गेलो की माझ्याकडे पाहीनासा झाला. टपरीवाल्याने मात्र स्पष्टच विचारलं, "तुम्हीच का ते दुरुस्त करणारे?" मी दादाशी बोललो. आता चारचा चहा मंजूर झालाय, कॉम्प्युटर चालू असला तरी.

आणि पंधरा दिवसांनी डावीकडून तिसरा परत आला. पक्षात. दादाला रात्री फोन: उद्याच्या बॅनरवर हवा, जुन्याच जागी, जुनाच फोटो. पेटीत नाही, पट्टीत नाही, डिस्कवर तर नाहीच. माझं काम इतकं चोख झालं होतं की त्या माणसाचा मागमूस उरला नव्हता. साहेबांकडे पुन्हा फोटो मागायचा म्हणजे आम्ही त्यांना पुसलं होतं हे कबूल करणं. दादाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की चिकूची पेटी परत करावी असं मला वाटून गेलं.

तोडगा ऑपरेटरने काढला. त्यांच्या पाड्यावर भाताच्या पेंढ्यावर दव पडू नये म्हणून फ्लेक्स टाकलेला आहे, गेल्या वर्षीचा, दादानेच दिलेला. सकाळी आम्ही मोटरसायकलवर तिथे गेलो. फ्लेक्स उलटा टाकला होता. एक टोक उचललं तर खालची रांग वर आलेली, आणि तो होता. डावीकडून तिसरा, गॉगलसकट, जरासा फिका. पोराने मोबाइल काढला, उन्हाकडे पाठ केली आणि पेंढा, बांबू, एक कोंबडी आणि माझा हात यांच्यासकट फोटो घेतला.

छत्तीस एमबी. चेहरा कापून ठेवला, ३६० केबी झाला. बाकीचं सोडून दिलं.